चढताना नाही, उतरताना: पहाटेच्या छातीदुखीची एक केस

पेशंट ४४ वर्षांचे, साताऱ्याकडचे, स्वतःचे दोन टेम्पो, त्यातला एक स्वतःच चालवतात. (ओळख पटू नये म्हणून वय, धंदा, गाव इकडचं तिकडं केलंय, आणि तशाच दुसऱ्या पेशंटच्या एक-दोन गोष्टी यात मिसळल्यात. आजार आणि त्याची चाल मात्र आहे तीच.) तक्रार एकच. पहाटे चार-साडेचारला झोपेतून जाग येते, छातीत मधोमध आवळून धरल्यासारखं होतं, कळ जबड्यापर्यंत जाते, दरदरून घाम फुटतो, आठ-दहा मिनिटं हे चालतं आणि आपोआप थांबतं. थांबलं की माणूस ठणठणीत, चहा पिऊन टेम्पो घेऊन बाहेर.

बरं, कष्टाचं काम करताना काही होत नाही. अजिंक्यताऱ्यावर चालत जातात, पन्नास किलोची पोती स्वतः चढवतात, धाप लागत नाही की छातीत दुखत नाही. त्यामुळे घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं की हा गॅस. ओवा चावला, इनो घेतलं, ढेकर आली, दुखायचं थांबलं, म्हणजे गॅसच होता, हे लॉजिक आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय ना की त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. दुखणं दहा मिनिटांत तसंही जाणारच होतं, क्रेडिट मात्र इनोला.

माझ्याकडे येईपर्यंत सहा-सात महिने गेलेले आणि फाइल चांगली जाडजूड झालेली. सकाळी नऊला काढलेले ईसीजी, सगळे नॉर्मल. टू-डी इको नॉर्मल. पट्ट्यावर पळवून केलेली स्ट्रेस टेस्ट नॉर्मल. एंडोस्कोपीत जठराला थोडी सूज, म्हणजे पंधरा-वीस वर्षं तंबाखू-सिगरेट करणाऱ्या कुठल्याही माणसाला सापडेल तेवढी. त्यावरून ॲसिडिटीच्या गोळ्या चालू. मधे कुणीतरी धडधड आणि हाताची थरथर यासाठी प्रोप्रॅनोलॉल लिहून दिलेली, तीही चालू. आणि त्यांनी स्वतःच सांगितलं, "ती बारकी गोळी चालू केल्यापासनं जरा जास्तच व्हायलंय." हे वाक्य मी फाइलवर लिहून खाली रेघ मारली, का ते पुढे सांगतो.

दारूचं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "कधीतरी." या उत्तराला काही अर्थ नसतो, रोज घेणाराही कधीतरी म्हणतो आणि वर्षातून एकदा घेणाराही. त्यामुळे मी नेहमी विचारतो की शेवटची कधी घेतली, काय घेतली, किती वाजता बसलात आणि किती वाजता उठलात. मग बाहेर आलं की शनिवारी मित्रांबरोबर बसतात, साडेआठला बसायचं, अकराला उठायचं, एक क्वार्टर, जास्त नाही. एरवी आठवडाभर थेंब नाही. शिवाय लग्नसराईत, कुणाची ट्रिप लागली, कुणी नवीन गाडी घेतली, असं मधेच. "पण पिताना कधीच दुखलं नाही डॉक्टर, उलट बरं वाटतं." खरं बोलत होते ते. आणि सगळे चकले ते इथेच.

बरोबर त्यांच्या मिसेस होत्या, तोपर्यंत गप्प बसलेल्या. त्यांनी पिशवीतून कालनिर्णयची पानं काढली, चक्क भिंतीवरून काढून आणलेली. दुधाचा हिशोब त्यावर, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख त्यावर, आणि ज्या पहाटे नवऱ्याला दुखलं त्या तारखेवर पेनाने फुली. "डॉक्टर, ह्यांना रविवारीच कसं हो दुखतं?" बघितलं तर खरंच, बहुतेक फुल्या रविवारच्या चौकोनात. एक फुली गुरुवारी होती, तर त्या म्हणाल्या बुधवारी ह्यांच्या मामेभावाची हळद होती. बाई दहावीपर्यंत शिकलेल्या, पण त्या जाड फाइलमधल्या एकाही रिपोर्टने जे सांगितलं नव्हतं ते त्या पानांनी सांगितलं.

माझा संशय तिथेच कॉरोनरी स्पाझमवर गेला. म्हणजे हृदयाला रक्त देणाऱ्या नळीत चरबीचं ब्लॉकेज नसताना, किंवा अगदी किरकोळ असताना, नळीच्या भिंतीतला स्नायूच अचानक आवळतो आणि रक्त थांबतं. रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो तसंच काहीसं, फक्त जागा भलतीच. गोळा सुटला की सगळं पूर्ववत, म्हणून नऊ वाजताचा ईसीजी नॉर्मल. आणि स्ट्रेस टेस्ट बहुतेक वेळा नॉर्मल, कारण दुखणं श्रमाने येत नाही, आरामात, झोपेत येतं, खास करून मध्यरात्र ते पहाट या वेळात. नेहमीच्या अंजायनाच्या, म्हणजे ब्लॉकेजमुळे श्रम केल्यावर येणाऱ्या छातीतल्या कळेच्या, बरोब्बर उलटं.

लॉस एंजेलिसच्या मायरन प्रिंझमेटल या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली हे नीट लिहून ठेवलं, आराम करताना येणारी कळ आणि त्या वेळेपुरती ईसीजीतली वर उचललेली एसटी (ईसीजीच्या रेषेतल्या एका भागाचं नाव). म्हणून जुनी मंडळी अजून प्रिंझमेटल अंजायना म्हणतात. नळी खरंच आवळते हे पुढे १९७० च्या दशकात अँजिओग्राफीत दिसलं, इटलीत पिसाला अत्तिलिओ मासेरी यांच्या टीमने त्यावर बरंच काम केलं. आणि मग जपान. तिथे हा आजार जास्त दिसतो, त्यामुळे दारूनंतरच्या स्पाझमवरचा बराचसा अभ्यासही तिथलाच. तिथल्या बऱ्याच लोकांत दारू पचवणारं एक एन्झाइम जन्मतःच कमजोर असतं, दोन घोटांत चेहरा लालबुंद होतो, ॲसिटाल्डिहाइड साठतं, आणि अशा लोकांत स्पाझमचं प्रमाण जास्त आढळलंय. पण एन्झाइम कमजोर करणारा तो जीन आपल्याकडे फारसा सापडत नाही, त्यामुळे आमच्या या टेम्पोवाल्या पेशंटचा हिशोब त्याने लागत नाही.

तो लागतो वेळेवरून. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, म्हणजे ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅमच्या आसपास. लिव्हर तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅम उरकतं. साडेआठला सुरुवात केली तर ते ६० ग्रॅम संपायला अडीच ते पहाटेचे पाच वाजतात. आता त्यांच्या दुखण्याची वेळ बघा. दारू अंगात असताना रक्तवाहिन्या सैल होतात, तोंड गरम, कान लाल, बरं वाटतं. ती उतरत जाते तसा उलटा झटका, नळ्या आवळायच्या मूडमध्ये येतात, त्यात झोपेतली पहाटेची वेळ, तेव्हा शरीराच्या आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेत तशीही खेचाखेच चाललेली असते. शिवाय दारूने लघवीवाटे मॅग्नेशियम जातं. मॅग्नेशियम हे कॅल्शियमला आवर घालतं, आणि स्नायू आवळतो तो कॅल्शियममुळे, तर आवर घालणाराच कमी झाला. यातलं कुठलं कारण कुणात किती हे माणसागणिक बदलतं, पण पिऊन काही तासांनी, झोपेत, हा पॅटर्न इतका ठळक आहे की तो ऐकला की पुढचं विचारायलाच पाहिजे. चढलेली असताना दुखत नाही, उतरताना दुखतं, म्हणून कुणी दारूशी जोडतच नाही.

सिगरेटचं वेगळं सांगायला नको खरं तर, पण सांगतो. स्पाझमचं सगळ्यात मोठं कारण तेच. हे गृहस्थ एरवी दिवसाला आठ-दहा ओढायचे आणि बसल्यावर एका रात्रीत पाकीट संपवायचे. म्हणजे शनिवार रात्र म्हणजे दोन्ही एकदम.

आता त्या प्रोप्रॅनोलॉलचं. रक्तवाहिन्यांवर आवळणारे आणि सैल करणारे असे दोन्ही प्रकारचे रिसेप्टर असतात, ही गोळी सैल करणाऱ्यांना, म्हणजे बीटा रिसेप्टरना, बंद पाडते (म्हणून नाव बीटा ब्लॉकर), आवळणारे मोकाट सुटतात. नेहमीच्या ब्लॉकेजवाल्या अंजायनाला बीटा ब्लॉकर चांगलं औषध, पण स्पाझममध्ये, त्यातही प्रोप्रॅनोलॉलसारखं सरसकट सगळ्या बीटांवर चालणारं, दुखणं वाढवू शकतं. म्हणून ती रेघ. ती गोळी आठवड्याभरात कमी करत बंद केली. (असली गोळी वाचून स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्याचाही फटका बसतो.)

होल्टर लावला, चोवीस तासांचा ईसीजी. मंगळवारी. अर्थातच नॉर्मल. अ‍ॅम्लोडिपिन लिहून दिली, दुखलं की जिभेखाली ठेवायची, नळी सैल करणारी ५ मिलीग्रॅमची सॉर्बिट्रेट दिली, दारू-सिगरेट पूर्ण बंद सांगितलं, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, "दुखत असतानाच ईसीजी काढा, थांबल्यावर नाही." तो कागद मिसेसनी घेतला. अ‍ॅम्लोडिपिन त्यांनी आणलीच नाही, कारण मेडिकलवाल्याने सांगितलं ही बीपीची गोळी आहे, आणि बीपी तर नॉर्मल, आणि बीपीची गोळी एकदा लागली की सुटत नाही म्हणतात. आता स्पाझममध्ये अ‍ॅम्लोडिपिनसारखं कॅल्शियम चॅनल ब्लॉकर हेच मुख्य औषध, बीपी असो नसो, पण हे ओपीडीच्या पाच मिनिटांत डोक्यात कितपत शिरणार.

आणि मग आली गटारी. उद्यापासून श्रावण, महिनाभर बंदच आहे तर आज होऊन जाऊ दे, हा विचार सगळ्या महाराष्ट्राचा, त्यांचाही. मटण, संध्याकाळी सातपासून बैठक, क्वार्टरवर थांबले नाहीत, बारा-साडेबाराला घरी. सव्वाचारला दुखायला लागलं. या वेळी दहा मिनिटांत गेलं नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली, संडासकडे जाताना भिंतीला धरून खाली बसले. मिसेसनी ओव्याचा डबा काढला नाही, शेजाऱ्याला उठवलं आणि गाडीत घालून सरळ हॉस्पिटल गाठलं. (१०८ हा आकडा अशा वेळी आठवावा, वाटेत बेशुद्ध झाला तर गाडी चालवणारा शेजारी काही करू शकत नाही.) सॉर्बिट्रेट कुठे होती? टेम्पोच्या डॅशबोर्डमध्ये.

कॅज्युअल्टीत पोचल्या पोचल्या काढलेला ईसीजी माझ्याकडे फोटोत आहे. लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी इतकी वर उचललेली की शिकाऊ पोरालाही दिसावी, म्हणजे हृदयाच्या खालच्या भागाचा मोठा अटॅक म्हणतो तसलं चित्र. नाडी ४२, कारण वरच्या कप्प्याचे काही ठोके खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नव्हते. अंधारी आली ती यामुळे. बीपी ११८/७६. ड्यूटीवरची डॉक्टर तरुण पण डोकं शांत, तिने अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, कार्डिओलॉजिस्टना फोन लावला, उजव्या बाजूचा ईसीजी काढून आणि बीपी चांगलं आहे हे बघून सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली. चार-पाच मिनिटांत कळ गेली. लगेच दुसरा ईसीजी: एसटी खाली बसलेली, नाडी ७२, एकही ठोका गळत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर एकाच माणसाचे आहेत यावर विश्वास बसणार नाही.

तरीही अँजिओग्राफी केलीच, आणि तेच बरोबर. गोळीने दुखणं गेलं म्हणजे स्पाझमच होता असं म्हणून घरी पाठवणं हा जुगार आहे, नळीत रक्ताची गुठळी अडकलेला पेशंटही कधी कधी थोडा वेळ सुधारतो. अँजिओत उजव्या नळीच्या मधल्या भागात जबरदस्त अरुंद जागा दिसली, बघणाऱ्याला वाटावं स्टेंट टाकून मोकळं व्हावं. कार्डिओलॉजिस्टनी आधी कॅथेटरमधून नायट्रोग्लिसरीन सोडलं आणि मिनिटभरात ती जागा स्क्रीनवर उघडली, उरलं ते २०-३० टक्क्यांचं किरकोळ खडबडीतपण. स्टेंट नाही. हे नायट्रोग्लिसरीन आधी देऊन बघणं फार महत्त्वाचं, नाहीतर स्पाझमवर स्टेंट बसतो आणि महिन्याभरात त्याच्या पुढे किंवा मागे परत आवळतं. स्पाझम उठवून बघायची अ‍ॅसिटाइलकोलीनची टेस्ट असते, आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी होते, पण इथे आयताच पुरावा मिळाला होता, त्यामुळे गरज पडली नाही.

रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते) जरासं वाढलेलं, पोटॅशियम ३.३, मॅग्नेशियम १.४, दोन्ही कमी, दोन्ही सलाइनमधून भरून काढलं. शरीरातलं जेमतेम एक टक्का मॅग्नेशियम रक्तात असतं, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी साठा रिकामा असू शकतो.

नाडी एवढी खाली गेली होती म्हणून डिल्टियाझेमऐवजी (त्याच जातीचं औषध, पण नाडी कमी करणारं) अ‍ॅम्लोडिपिनच ठेवली, फक्त रात्री झोपताना, कारण दुश्मन पहाटे येतो. बरोबर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी. सॉर्बिट्रेटची एक स्ट्रिप उशीखाली आणि एक खिशात, टेम्पोत नाही. घ्यायची ती बसून, बीपी पडतं. आणि संबंधाच्या वेळची 'ती' गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट अजिबात नाही, हे मी मिसेसना दोन मिनिटं बाहेर बसवून सांगितलं, कारण त्यांच्यासमोर विचारलं तर खरं उत्तर मिळत नाही. मायग्रेनची ट्रिप्टान आणि सर्दीची स्यूडोएफेड्रिनवाली औषधं टाळायची यादीही दिली.

डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकांची गर्दी, आणि एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडी, "ब्लॉकेज नाही ना, मग देवाची कृपा, काही टेन्शन नाही." मला या वाक्याची भीती वाटते. अँजिओ क्लिअर म्हणजे लोकांना सर्टिफिकेट वाटतं. पण याच माणसाची नाडी ४२ वर गेली होती. स्पाझम लांबला तर पक्का हार्ट अटॅक येतो, व्हीटी-व्हीएफसारखी ठोक्यांची जीवघेणी गडबड झाली तर झोपेतच खेळ संपतो, आणि मग गावात म्हणतात काल रात्रीपर्यंत तर धडधाकट होता. औषध नीट चालू आणि ट्रिगर बंद असेल तर यातले बहुतेक पेशंट चांगले राहतात, पण त्या दोन्ही अटी पाळायला लागतात.

"दोन पेग हार्टला चांगले असतात" हे वॉर्डातच एका काकांनी सुनावलं. हे फार जुनं आहे, १७७२ मध्ये अंजायनाचं पहिलं नीट वर्णन करणाऱ्या हेबर्डेननेही उपायांत मद्य सांगितलं होतं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलंय की तब्येतीसाठी सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. काकांना ते पटलं नाही, असो.

सिगरेट त्यांनी खरंच सोडली, याचं मला आश्चर्य वाटलं. तीन महिने एकही फुली नाही. मग दिवाळीनंतरच्या एका लग्नात बिअर घेतली, "बिअरच होती ओ, दारू नव्हती." स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत असते, ६५० मिलीच्या एका बाटलीत जवळपास ४० ग्रॅम अल्कोहोल. दोन बाटल्या झाल्या म्हणजे क्वार्टरच्या पुढे गेलात, वर थंडगार. पहाटे पाचला दुखलं, सॉर्बिट्रेटने तीन मिनिटांत गेलं, तेवढं औषधाने वाचवलं. हे ऐकून त्यांना कागदावर ग्रॅमचा हिशोब करून दाखवला, धंदेवाला माणूस, आकडे लगेच कळले.

एक गोष्ट वाचणाऱ्यांसाठी, कारण या केसवरून कुणी भलताच निष्कर्ष काढेल. पिऊन दुसऱ्या दिवशी छातीत दुखलं म्हणजे स्पाझमच असं नाही. साधी ॲसिडिटी असते, स्वादुपिंडाला सूज असते, खूप उलट्या होऊन अन्ननलिका फाटलेली असू शकते, आणि खराखुरा गुठळीचा अटॅकही असतो. घरी बसून ठरवायची ही गोष्ट नाही. आणि जे रोज पितात त्यांनी हे वाचून उद्यापासून एकदम बंद करायचं नाही, फिट येते, भ्रम होतो, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायचं. आमचे पेशंट शनिवारवाले होते म्हणून त्यांना सरळ बंद करता आलं.

मागच्या व्हिजिटला त्यांनी विचारलं, "साहेब, गोळी चालूच हाय, मग महिन्यातनं एकदा चाललं का?" नाही म्हटलं. गोळीने नळीचं आवळणं कमी होतं, शून्य होत नाही, लग्नातली बिअर गोळी चालू असतानाच घेतली होती ना. मग त्यांचा दुसरा प्रश्न, दुखत नाही तर गोळी बंद करू का. ती तर त्याहून नाही, एकदम थांबवली की स्पाझम उसळून येतो, कमी करायची वेळ आली तर आपण मिळून हळूहळू करू, आणि ती वेळ अजून आलेली नाही. सध्या अ‍ॅम्लोडिपिन १० मिलीग्रॅम रात्री चालू आहे, पाय थोडे सुजतात म्हणतात, पुढच्या वेळी होल्टर करून नाडी चांगली दिसली तर डिल्टियाझेमवर न्यायचा विचार आहे.